घोडेगावच्या बाजारातलं ग्राफिक्स कार्ड

"एक तर कार्ड येईल, नाही तर विंडोज येईल. काय ते तू ठरव," लीनानं भेंडी चिरता चिरता जाहीर केलं आणि सुरी ज्या पद्धतीनं ताटात ठेवली, त्यावरून पुढे चर्चेला वाव नाही हे मला कळलं.

आमच्या घरात विंडोजचं नाव काढायचं नाही, असा माझा दंडक. आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. फुकट आहे, व्हायरस नाही, आणि मुख्य म्हणजे सावेडीतल्या आमच्या सोसायटीत ते दुसऱ्या कुणाकडेही नाही. हे मी जिन्यात भेटेल त्याला समजावून सांगतो. हल्ली पहिल्या मजल्यावरचे लोकसुद्धा लिफ्टनं जातात.

लीना शाळेत चित्रकला शिकवते. तिनं कॉम्प्युटरवर एक छोटी ॲनिमेशन फिल्म करायला घेतली होती. एक म्हातारी काखेत कोंबडी धरून कोल्हारजवळ प्रवरेचं पात्र पायी ओलांडते आणि पलीकडच्या बहिणीला भेटते, एवढीच गोष्ट. पण ॲनिमेशनमध्ये एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात आणि आमचा कॉम्प्युटर एक चित्र रंगवून द्यायला डाळ-भात-भाजी होईपर्यंतचा वेळ घ्यायचा. या वेगानं म्हातारी पैलतीराला लागेपर्यंत लीना पेन्शनीत निघाली असती. फिल्म महिनाअखेरीला एका स्पर्धेला पाठवायची होती. लीनाच्या मते दोष लिनक्सचा होता; माझ्या मते उपाय एकच, ग्राफिक्स कार्ड. म्हणजे चित्रं रंगवण्याचं काम अंगावर घेणारी एक वेगळी पाटी, जी कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची.

नवीन कार्डांच्या किमती मी नेटवर पाहिल्या आणि उठून पाणी प्यालो. मग जुन्याच्या शोधाला लागलो. पण लिनक्सवाल्याला वाटेल ते कार्ड चालत नाही. कार्डं करणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या, आम्ही जाणकार त्यांना हिरवी आणि लाल म्हणतो. लाल कंपनीच्या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, वेगळा टाकावा लागत नाही. हे मी गॅलरीत उभा राहून फोनवर एका मित्राला सांगत होतो, तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून कानिफनाथ आव्हाडांचं डोकं बाहेर आलं.

"ड्रायव्हर सोबतच येतो म्हणता? मग त्याच्या पगाराचं काय?"

कानिफनाथ विमा एजंट. त्यांचा कान नेहमी आमच्या गॅलरीकडे आणि मन नेहमी समोरच्याच्या भल्याकडे असतं. ड्रायव्हर म्हणजे माणूस नव्हे, कार्ड चालवणारा प्रोग्राम, हे समजावण्यात माझा चहा गार झाला. पण त्यांना कुठल्याही खरेदीचा वास लागला की ते पुढाकार घेतल्याशिवाय राहत नाहीत. आमचा फ्रिज, आमचा सोफा आणि आमच्या मेव्हण्याची बायको, तिन्ही गोष्टी त्यांनी पाहून पसंत केलेल्या आहेत.

शोधता शोधता जुन्या वस्तूंच्या ॲपवर एक जाहिरात सापडली. लाल कंपनीचं, आठ जीबीचं, नेमकं हवं तसं कार्ड! खाली मजकूर : 'एकहाती वापर. निरोगी. घोडेगावला बाजारच्या दिवशी या.'

'निरोगी' या शब्दाशी मी जरा थबकलो. पण फोन लावला.

"अजिनाथ बोलतोय," पलीकडून आवाज आला. मागे म्हैस हंबरत होती. "कार्ड हाय. गेमिंगचं दुकान टाकलं होतं, ते बंद केलं. बाजारच्या दिवशीच या बरं का सर. वडील तवाच सापडतात, आन् सौदा त्यांच्याबिगर होत न्हाई."

ग्राफिक्स कार्डाच्या सौद्यात वडिलांचं काय काम, हे विचारायला हवं होतं. मी इतका हरखलो होतो की फोन ठेवून लीनाभोवती एक गिरकी घेतली.

मी पतसंस्थेत हिशेबनीस आहे. रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं आणि खोटं लिहायची मला सवय नाही. म्हणून 'घोडेगाव बाजारात खरेदीकरिता' असं लिहिलं. मॅनेजरसाहेबांनी बराच वेळ अर्जाकडे पाहिलं आणि म्हणाले, "टोकेकर, संगमनेरी शेळी मिळाली तर माझ्यासाठीही बघा."

कानिफनाथ गाडी घेऊन सकाळीच खाली हजर. सोबत एक टॉर्च, एक मोठा दोर आणि पाण्याचा कॅन.

"दोर कशाला?"

"जनावरांच्या बाजारात मोकळ्या हातानं जाऊ नये," ते गंभीरपणे म्हणाले.

घोडेगावचा बाजार ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको, आणि न पाहिलेल्याला सांगून पटायचं नाही. जिकडेतिकडे बैल, गायी, म्हशी, शेळ्या, त्यांच्यामधून वाट काढणारे टेम्पो, उसाच्या रसाची गाडी, आणि या सगळ्यात इस्त्रीचा शर्ट घालून पाठीला लॅपटॉपची बॅग लावलेला मी. एका कालवडीनं बॅगेचा पट्टा चाटायला घेतला तेव्हा कानिफनाथ म्हणाले, "शुभशकुन आहे."

अजिनाथ एका लिंबाखाली भेटला. पस्तिशीतला, अंगात 'गेम ओव्हर' लिहिलेला टी-शर्ट. त्याच्या शेजारी बाजेवर पांढरं धोतर, गुलाबी फेटा आणि खांद्यावर उपरणं घेतलेले आबासाहेब, त्याचे वडील, बसले होते. आयुष्यभर त्यांनी बैलांचे सौदे जुळवले. बाजेवर त्यांच्या मांडीजवळ, स्वच्छ फडक्यावर, ते कार्ड ठेवलेलं होतं.

मी पाहिलं आणि इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता बाजेपाशी उकिडवा बसलो. काळंभोर, दोन पंख्यांचं, कडेला लाल पट्टा. काय देखणं होतं!

"बघा बघा, हात लावून बघा," आबासाहेब म्हणाले. "घरचं हाय. कामाला लई चिवट. दिसभर जुपा, दमायचं न्हाई. मारकं न्हाई, बुजत न्हाई. एक खरं सांगतो, लपवाछपवी आपल्याला जमत न्हाई. खातंय जरा जास्त."

"म्हणजे वीज," अजिनाथनं खुलासा केला.

कानिफनाथांनी टॉर्च लावून पंख्यांच्या आत पाहिलं आणि मला कोपरानं ढोसलं. "चालवून बघा. जागेवर उभं असताना सगळीच चांगली दिसतात."

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अजिनाथचा कॉम्प्युटर होता. त्यानं कार्ड बसवलं, बटण दाबलं, आणि पंख्यांनी असा सूर धरला की त्यांच्यात साठलेला कडब्याचा भुसा उडून सरळ माझ्या तोंडावर आला. शेडच्या त्या बाजूला बांधलेली म्हैस दाव्याला हिसडे देऊ लागली. पण पडद्यावर चित्र आलं! मी माझ्या पेन ड्राइव्हमधून लिनक्स सुरू केलं, आणि लिनक्सनं कार्डाला पहिल्या झटक्यात ओळखलं. नाव, गाव, सगळं. मी मोठ्यानं "ओळखलं! ओळखलं!" असं ओरडलो. बाहेर रसाच्या गाडीवरची दोन माणसं कोण कुणाचा नातेवाईक सापडला ते बघायला आत आली.

"आता भाव," मी लिंबाखाली परत येत, तोंडावरचा भुसा पुसत म्हणालो.

"आसा तोंडानं भाव बोलायचा नसतो," आबासाहेब दुखावल्यासारखे म्हणाले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, माझा हात धरला आणि दोघांच्या हातांवर ते पांघरलं. बाजारात बैलाचा भाव असाच ठरतो, चार लोकांना कळू नये म्हणून, उपरण्याखाली बोटं दाबून. आबासाहेबांच्या मते त्यांच्या घरातून बाहेर पडणारी कुठलीही वस्तू याच रीतीनं विकली जाणार होती.

आता एक नाजूक बाब. मला गुदगुल्या होतात. साध्या नाही, भयंकर. न्हाव्याकडे मानेला ब्रश लागला तरी मी खुर्चीतून उठतो. आबासाहेबांनी माझी दोन बोटं दाबली, वर अंगठ्यानं तळहातावर काहीतरी खूण केली, आणि मी "ख्याक" करून हात मागे ओढला.

आबासाहेबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "न्हाई म्हणता?"

त्यांनी परत हात धरला, या वेळी वेगळी बोटं. मी खालचा ओठ दातात धरून आकाशाकडे पाहिलं, पण अंगठा तळहातावर आलाच. मी पुन्हा हसत सुटलो.

"हसतोय बघा!" आबासाहेब लोकांना म्हणाले. आता भोवती बरीच गर्दी जमली होती. "माझ्या भावाला हसतोय ह्यो मानूस!"

"टोकेकर साहेब, सोडू नका," कानिफनाथ माझ्या कानात कुजबुजले.

तिसऱ्या वेळी माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. चौथ्या वेळी मी जवळजवळ खाली बसलो. शेवटी आबासाहेबांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं, हात जोडले आणि म्हणाले, "उभा जन्म ह्या लिंबाखाली गेला. पर आसलं चिवट गिऱ्हाईक न्हाई बघितलं. घ्या. तुमच्या मनासारखं हूं द्या."

अजिनाथनं मला भाव सांगितला. मी घरून जेवढा ठरवून आलो होतो त्याच्याही बराच खाली! मी कडक सौदेबाज आहे अशी बातमी बाजारात पसरली आणि एका अनोळखी शेतकऱ्यानं येऊन विचारलं, "माझ्या खोंडाचा सौदा करून देता का?" मी विनयानं नकार दिला. तळहात अजून शिवशिवत होता.

इथेच निघालो असतो तर सगळं सुरळीत झालं असतं. पण मी पतसंस्थेचा माणूस. पावतीशिवाय मी देवळातला अंगाराही घेत नाही.

"बिल कुठंय?" मी विचारलं.

"होतं," अजिनाथ म्हणाला. "शेळीनं खाल्लं."

"मग निदान काहीतरी लेखी—"

"आरं, पावतीच पायजे ना?" आबासाहेब उठले. "चला, फाडू."

आणि ते मला पावत्या लिहिणाऱ्या गोरक्षकडे घेऊन गेले. गोरक्ष टेबलाशी बसून विकलेल्या जनावरांच्या पावत्या लिहीत होता. मोठा भला माणूस. "आमच्याकडं जनावराचीच पावती असती, सर," तो म्हणाला. आबासाहेबांनी डोळे वटारले. "साहेब नगराहून आल्यात. रिकाम्या हातानं लावू नको." गोरक्षनं उसासा टाकला आणि पेन उघडलं.

"जनावर?"

"कार्ड," मी म्हणालो.

"रंग?"

"काळा. लाल पट्टा आहे."

"शिंगं?"

"नाहीत."

"भुंडं," गोरक्षनं लिहिलं. "दूध देतं?"

"अहो, ते कसं—"

"भाकड." तेही लिहिलं. "दात?"

मी म्हणालो, याला दात कुठून असणार. तेव्हा गोरक्षनं कार्ड हातात घेतलं, उलटं केलं आणि खालच्या कडेला बोट लावलं. कॉम्प्युटरच्या खाचेत जी कड बसते, तिथे सोनेरी पट्ट्यांची रांग असते. "हे काय मग? दातच हायेत की. आन् सोन्याचे! सगळे जागच्या जागी." मागे रांगेत उभा असलेला एक माणूस वाकून पाहत म्हणाला, "जुळलेलं हाय. पुऱ्या दातांचं."

कानातल्या बिल्ल्याच्या रकान्यात सीरियल नंबर गेला. वय मी विचारून सांगितलं. मग गोरक्षनं पावती फाडून दिली. जाणाऱ्या-येणाऱ्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं, कारण भाकड आणि भुंडं जनावर एवढ्या हौसेनं, फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून नेणारा माणूस त्यांनी आधी पाहिला नव्हता.

परतीच्या वाटेवर कानिफनाथांनी गाडी हळू चालवली. "त्याला हिसके बसायला नकोत," ते म्हणाले. कार्ड माझ्या मांडीवर होतं आणि मी खड्डा आला की ते दोन्ही हातांनी उचलून धरत होतो.

घरी येऊन कॉम्प्युटरचा डबा उघडला तर नवीनच पेच. कार्ड डब्यापेक्षा बोटभर लांब! आत हार्ड डिस्क ठेवायचा एक लोखंडी पिंजरा असतो, तो नेमका आडवा येत होता. कानिफनाथ उठून घरी गेले आणि लोखंड कापायची करवत घेऊन आले. पिंजरा कापताना जो आवाज झाला तो ऐकून वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खाली फोन करून विचारलं, घरफोडी चालू आहे का, आणि असली तर किती वेळ चालेल, कारण त्यांची सत्यनारायणाची पूजा होती.

पिंजरा निघाला, कार्ड बसलं. मग दिसलं की कार्डाला वीज द्यायला आठ टाचण्यांची एक जाड वायर लागते आणि आमच्या जुन्या पॉवर सप्लायला ती नाहीच. 'खातंय जरा जास्त' याचा अर्थ मला तेव्हा पूर्ण उमगला. धावत बाजारात गेलो. दुकानदाराला म्हटलं, मोठा पॉवर सप्लाय द्या, लिनक्सच्या मशीनला लावायचाय.

"लिनक्स? हां, ते विंडोजचं नवीन आलंय ते ना?"

एरवी मी त्याला तिथे उभं राहून अर्धा तास लिनक्सचा इतिहास ऐकवला असता. माझ्या उत्साहाची कल्पना यावरून करा की मी फक्त "हो" म्हणालो आणि सप्लाय घेऊन पळालो.

दुपार कलली तेव्हा सगळं जोडून झालं. लीना अजून शाळेतून यायची होती. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले आणि बटण दाबलं. पंखे फिरले! लाल दिवा लागला! आणि पडदा काळाकुट्ट.

परत बंद, परत चालू. पंखे मजेत, पडदा काळा. मी कार्ड काढून पुन्हा बसवलं, फुंकर मारली, खोडरबरानं सोनेरी दात घासले. फोनवर लिनक्सवाल्यांच्या चर्चा वाचल्या, तर एकानं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभाच, बदला म्हटलं होतं, दुसऱ्यानं त्या पहिल्याला शिव्या घातल्या होत्या.

"नवीन गोठ्यात आलंय," कानिफनाथ म्हणाले. "दोन दिवस रुळू द्या."

"कानिफभाऊ, ते जनावर नाहीये!"

"पावती तर तसंच सांगते."

खरं तर मी रडायच्या बेतात होतो. फसलो का? पण माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं की. महिनाअखेर जवळ येत होती. लीनाला काय सांगू? आणि त्याहून वाईट म्हणजे, संध्याकाळी त्या पडद्यावर विंडोजची निळी खिडकी उगवणार आणि उद्यापासून मला जिन्यानं जाताना लोक स्वतःहून थांबवणार.

तेवढ्यात कुलूप वाजलं. लीना आत आली. तिनं जमिनीवरचा कापलेला पिंजरा पाहिला, करवत पाहिली, माझ्या केसांतला कडबा पाहिला.

"आलं?" तिनं पर्स तशीच टाकून विचारलं. तिचे डोळे इतके चमकत होते की मी लगेच खुलासा सुरू केला.

"आलंय गं, पण... हे बघ, कर्नलमधला जो मॉड्यूल असतो, तो आधी—"

लीनानं माझं कर्नलपुराण ऐकलं नाही. ती टेबलाच्या मागे वाकली. "रवी, पडद्याची वायर तू जुन्याच भोकात लावलीयेस. कार्डाला भोकं आहेत की इथे खाली."

कानिफनाथांनी सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं. लीनानं वायर काढून कार्डात खुपसली.

पडदा उजळला.

त्यानंतर पाचेक मिनिटं आम्ही तिघं काय करत होतो ते नीट सांगता येणार नाही. मी सोफ्यावर चढलो होतो एवढं आठवतं. कानिफनाथ "हाणा! हाणा!" असं का ओरडत होते ते त्यांनाही माहीत नसावं. लीना मात्र खुर्चीत बसून म्हातारीचा प्रसंग उघडत होती. तिनं बटण दाबलं, आणि चित्रं पटापट पडू लागली. एक, दुसरं, तिसरं, मी चहाचं आधण ठेवायला गेलो तेवढ्यात ओळीनं कितीतरी! जे काम दिवसच्या दिवस चालायचं ते डोळ्यांसमोर पळत होतं. आरडाओरडा ऐकून कानिफनाथांची आई बनुबाई चष्मा पुसत आमच्या घरात आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

पुढच्या रविवारी फिल्म पहिल्यांदा सलग चालली. आम्ही तिघं आणि बनुबाई पुढे सतरंजीवर. पडद्यावर म्हातारी निघाली. पाण्यात पाय टाकण्याआधी तिनं जरा अंदाज घेतला, काखेतल्या कोंबडीला दटावलं आणि पाऊल टाकलं. पाणी घोट्याला, मग पोटरीला. ती चालत होती! आजवर मी तिची सुटी सुटी चित्रं पाहिली होती. तिला असं चालताना लीनानंही पाहिलं नव्हतं.

बनुबाई एकदम पुढे सरकल्या आणि पडद्याला म्हणाल्या, "ए बाई, पदर खोच की आधी. भिजंल सगळा."

कुणी हसलं नाही. फिल्म संपली तरी बनुबाई तिकडेच बघत होत्या. "कुठली हाय ही?" त्यांनी लीनाला विचारलं. "मिरजगावची माझी थोरली जाऊ आशीच चालायची. पर पान्यात जाताना पदर कमरेला खोचायची. कुनीबी खोचंल."

मी घाईघाईनं म्हणालो, "आजी, आता सगळी फिल्म झालीये, बदलायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळी—"

लीनानं माझ्याकडे पाहिलं. मग कार्डाकडे. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि मग मलाही आठवलं, आता पुन्हा पहिल्यापासून करायला दिवसच्या दिवस लागणार नव्हते.

"आजी, इथं पुढे या," ती म्हणाली. "त्या पदर कसा खोचायच्या, मला दाखवा."

बनुबाई उठल्या, लुगड्याचा पदर त्यांनी सफाईनं फिरवून कमरेला खोचला आणि हातात नसलेली कोंबडी काखेत धरून आमच्या दिवाणखान्यातून फरशीवर जपून पाऊल टाकत निघाल्या. लीना त्यांच्याकडे बघत भराभर रेघा मारू लागली.